नेपथ्य : दडलेल्या जागेपासून दिसणाऱ्या देखाव्यापर्यंत

मराठी नाटकाच्या परिभाषेत 'नेपथ्य' हा शब्द आज इतका रुळला आहे की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. पडदा वर गेल्यावर प्रेक्षकाला जे दिसते ते नेपथ्य : दिवाणखान्याच्या भिंती, जिना, खिडकी, वाड्याची ओसरी, किंवा नुसते दोन चौथरे आणि एक कमान. हे सारे रचणारा तो नेपथ्यकार. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेच्या निकालपत्रात दिग्दर्शन, प्रकाशयोजना, रंगभूषा यांच्या जोडीला 'नेपथ्य' हे स्वतंत्र पारितोषिक असते आणि तेथे त्याचा अर्थ हाच असतो. परंतु याच शब्दाचे बोट धरून आपण संस्कृत नाटकाकडे गेलो, की काहीतरी विपरीत घडते. तेथे कंसात 'नेपथ्ये' अशी सूचना येते आणि तिचा अर्थ असतो : प्रेक्षकाला दिसत नाही अशा जागेतून. म्हणजे एका भाषेत जे मुळीच दिसत नाही ते नेपथ्य आणि दुसरीत जे सर्वांआधी दिसते तेही नेपथ्य.

शब्दांचे अर्थ बदलतात, हे भाषेच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको. पण एखादा शब्द आपल्या मूळ अर्थाच्या थेट समोर जाऊन उभा राहावा, असे क्वचित होते. असे होते तेव्हा भाषेबरोबर आणखी काहीतरी बदललेले असते. या शब्दाच्या बाबतीत बदलली ती नाट्यगृहाची इमारत, असे आमचे म्हणणे आहे. ते पटवून देण्यासाठी प्रथम त्या जुन्या इमारतीत शिरायला हवे.

भरताच्या नाट्यशास्त्रातील दुसरा अध्याय नाट्यमंडपाचा आहे. मंडपाचे तीन आकार सांगितले आहेत : विकृष्ट म्हणजे लांबट, चतुरस्र म्हणजे चौरस आणि त्र्यस्र म्हणजे त्रिकोणी. मापेही तीन : ज्येष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ, अनुक्रमे १०८, ६४ आणि ३२ हातांची. यांपैकी माणसांसाठी भरत मध्यम मंडप पसंत करतो आणि त्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. मंडप याहून मोठा झाला, तर नटाचे बोलणे अस्पष्ट होते आणि चेहऱ्यावरचे भाव मागच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाहीत. विकृष्ट मध्यम मंडप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. हात साधारण दीड फुटाचा धरला, तर ही इमारत अंदाजे ९६ फूट लांब आणि ४८ फूट रुंद होते.

आता या इमारतीची वाटणी पाहण्यासारखी आहे. लांबीचे दोन समान भाग करायचे. पुढचा भाग प्रेक्षकांचा. मागच्या भागाचे पुन्हा दोन भाग. त्यांतला प्रेक्षकांकडचा भाग रंगाचा, म्हणजे रंगपीठ, रंगशीर्ष इत्यादींचा. अगदी मागचा, पश्चिमेचा भाग नेपथ्यगृहाचा. याचा हिशेब असा की संपूर्ण इमारतीचा एक चतुर्थांश भाग नटांच्या तयारीसाठी राखलेला आहे. दिसण्यासाठी जेवढी जागा, तेवढीच दडण्यासाठी. आपल्याकडच्या किती नाट्यगृहांत हे प्रमाण आढळेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

नेपथ्यगृहाला रंगाकडे उघडणारी दोन दारे आहेत आणि या दोन दारांच्या मध्ये कुतप, म्हणजे वादकवृंद, प्रेक्षकांकडे तोंड करून बसतो. पात्रांची ये-जा या दारांतून होते. इतकेच नव्हे, तर नेपथ्यगृहाची दारे आणि वाद्ये यांची तोंडे ज्या दिशेला असतील, ती दिशा नाट्यप्रयोगात पूर्व मानावी, असाही संकेत भरत सांगतो. म्हणजे रंगमंचावरच्या साऱ्या दिशा या खोलीच्या दारांवरून मोजल्या जातात. पहिल्या अध्यायातील कथेनुसार पहिल्या नाट्यप्रयोगात विघ्नांनी धुडगूस घातला, म्हणून ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून घेतले आणि त्याच्या प्रत्येक भागावर एकेका देवतेची राखण नेमली. त्या वाटणीत नेपथ्यभूमीवर मित्र या देवतेची नेमणूक आहे. जिला स्वतःची देवता आहे आणि जी दिशा ठरवते, ती खोली अडगळीची नव्हे.

या खोलीला 'नेपथ्य' हे नाव का पडले? संस्कृत कोशकार 'ने' म्हणजे नेता आणि त्याला जे पथ्य, म्हणजे हितकर, ते नेपथ्य अशी फोड करतात. ही फोड अर्थ आधी ठरवून मग शब्द कापल्यासारखी वाटते. तिच्यापेक्षा शब्दाचा प्रत्यक्ष वापर अधिक बोलका आहे. अमरकोशाने हा शब्द वेष, प्रसाधन यांच्या पंक्तीला बसवला आहे. प्राकृतात त्याची णेवत्थ, णेवच्छ अशी रूपे येतात आणि त्यांचाही रोख पोशाखाकडे आहे. तेव्हा 'नेपथ्यगृह' या समासाचा सरळ अर्थ 'नटण्याची खोली' असा लावणे योग्य. पुढे समासातले 'गृह' गळाले आणि नटण्याचे नाव नटण्याच्या जागेला मिळाले. मराठीतही 'स्वयंपाकात आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा क्रियेचे नाव जागेला दिलेलेच असते.

हे दोन्ही अर्थ, पोशाख आणि जागा, संस्कृत नाटकात हातात हात घालून वावरतात. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार नेपथ्याकडे पाहतो, अशी रंगसूचना आहे. येथे नेपथ्य ही जागा आहे. लगेच तो नटीला हाक मारून, नेपथ्याचे काम आटोपले असेल तर इकडे ये, असे सांगतो. येथे नेपथ्य म्हणजे नटणे. एका श्वासात एकच शब्द दोन अर्थांनी आला आहे आणि कालिदासाच्या प्रेक्षकाला त्यात अडचण वाटली नसावी. मालविकाग्निमित्रात तर या दोन अर्थांवर जणू एक प्रसंगच उभा आहे. दोन नृत्याचार्यांच्या स्पर्धेत परिव्राजिका पंच आहे. अवयवांचे सौष्ठव नीट दिसावे, म्हणून पात्रांनी नेपथ्य उतरवून, म्हणजे जड वेषभूषा न करता, प्रवेश करावा असे ती सुचवते. आणि दुसऱ्या अंकात मालविका अजून नेपथ्यात, म्हणजे आतल्या खोलीत, असताना तिला पाहण्यासाठी उतावीळ झालेल्या राजाला आपली दृष्टी मधला पडदा ओढून टाकू पाहत आहे असे वाटते. पोशाखाचे नेपथ्य कमी असावे ही पंचाची अपेक्षा आणि जागेचे नेपथ्य नाहीसे व्हावे ही प्रेमिकाची.

या प्रसंगातला पडदा कोठे होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तो रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये नव्हता. तो रंगमंच आणि नेपथ्य यांच्यामध्ये होता. पुढे येणाऱ्या विवेचनात हा फरक महत्त्वाचा ठरणार आहे.

वेष आणि जागा यांच्या पलीकडे नेपथ्याचा आणखी एक उपयोग संस्कृत नाटककारांनी करून घेतला. नटण्याची खोली रंगमंचाच्या इतकी लगत असल्यामुळे तेथून बोललेले ऐकू जात असे. ही वास्तूची सोय होती. नाटककारांनी तिचे रचनातत्त्व केले. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या दशरूपकात कथेचा न दाखवलेला भाग सूचित करण्याची जी पाच साधने सांगितली आहेत, त्यांत विष्कंभक, प्रवेशक इत्यादींबरोबर 'चूलिका' आहे. पडद्याआड असलेल्यांनी एखादी गोष्ट सूचित करणे म्हणजे चूलिका. आवाजाला अशा रीतीने शास्त्रात स्थान मिळाले.

या आवाजाने काय काय केले आहे ते पाहावे. स्वप्नवासवदत्ताच्या आरंभी सूत्रधार काही निवेदन करू लागतो आणि आतून लोकांना बाजूला हटवणाऱ्या आरोळ्या येतात. मगधाच्या राजकन्येसाठी वाट मोकळी केली जात आहे. ज्यांना हटवले जाते त्यांत वेष पालटलेली वासवदत्ता आहे. कालपर्यंत जिच्यासाठी वाट मोकळी होत होती, तिची आजची अवस्था रंगमंचावर येण्याआधीच त्या आरोळीने सांगितली. मुद्राराक्षसाच्या प्रस्तावनेत सूत्रधार चंद्रग्रहणाविषयी बोलतो आणि आतून चाणक्य गरजतो : मी असताना चंद्राला ग्रासणारा हा कोण? ग्रहणाच्या चंद्राचा चंद्रगुप्त झाला, प्रस्तावनेचे नाटक झाले आणि चाणक्याचा धाक त्याच्या देहाआधी रंगमंचावर आला. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात हरणामागे धावणाऱ्या दुष्यंताला आश्रमातले हरीण मारू नकोस, असे प्रथम बजावतो तो नेपथ्यातलाच आवाज. आणि चौथ्या अंकातला दुर्वास? तो नेपथ्यातून आपले आगमन कळवतो, नेपथ्यातून शाप देतो आणि निघून जातो. शकुंतला त्या वेळी कुटीपाशी आपल्या विचारांत हरवलेली आहे. शाप तिच्या कानांवर पडत नाही. फुले तोडणाऱ्या सख्या तो ऐकतात आणि प्रेक्षक ऐकतो. ज्या एका उच्चारावर पुढचे सारे नाटक फिरते, तो उच्चारणारा माणूस या नाटकात रंगमंचावर येतच नाही.

यावर कोणी विचारील की मग देखावा कोठे होता? आश्रम, राजवाडा, अरण्य यांचे काय? त्याचे उत्तर 'कक्ष्याविभाग' या संकल्पनेत आहे. रंगपीठाचे संकेताने भाग पाडायचे आणि नटाने काही पावले फेरी घेतली की स्थळ बदलले असे मानायचे. स्थळ शब्दांनी वर्णिले जाई, हातांच्या मुद्रांनी दाखवले जाई. दुष्यंताचा रथ वेगाने धावतो तो नटाच्या अंगविक्षेपांत. तेव्हा नेपथ्याचा स्थळाशी संबंध नव्हता. नेपथ्य माणसाला पात्र बनवीत असे, रंगभूमीला अरण्य बनवीत नसे.

अर्थात येथे एक गाठ आहे आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आहार्य अभिनयाची व्याख्या करताना भरत त्याला नेपथ्याचा विधी म्हणतो आणि नेपथ्याचे चार प्रकार सांगतो : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. अलंकार म्हणजे वस्त्रे, माळा, दागिने. अंगरचना म्हणजे रंग लावणे. संजीव म्हणजे प्राण्यांचा प्रवेश. आणि पुस्त म्हणजे बनवलेल्या वस्तू. पर्वत, वाहने, विमाने, चिलखते, ध्वज अशी तिची यादी आहे. चटया, कातडी, कापड जोडून केलेले ते संधिम, यंत्राच्या किंवा युक्तीच्या साहाय्याने हलणारे ते व्याजिम आणि गुंडाळून केलेले ते वेष्टिम. या वस्तू खऱ्या धातूच्या करू नयेत, हलक्या साहित्याच्या कराव्यात, नाहीतर नट थकून जातील, असाही सल्ला आहे. म्हणजे आजच्या नेपथ्यकाराचे काम भरताला ठाऊक होते आणि ते त्याने नेपथ्याच्याच कुळात घातले होते. पण चार भावंडांतले ते एक होते आणि त्याचे नाव पुस्त होते. मराठीने पुढे जे केले ते असे की, हे एक भावंड ठेवले, त्याला घराण्याचे आडनाव दिले आणि बाकीच्या तिघांना वेगळे काढले.

भरताचे नेपथ्यगृह केवळ पोथीत राहिले असे नाही. केरळच्या मंदिरांतील कूत्तंबलम् या नाट्यगृहांत रंगमंचाच्या मागे अशी खोली असते, तिला दोन दारे असतात आणि दोन दारांच्या मध्ये मिळावू हे मोठे नगारे ठेवलेले असतात. त्रिशूरच्या वडक्कुन्नाथ मंदिरातील कूत्तंबलम् यांत प्रसिद्ध आहे. तेथे जे कूडियाट्टम् सादर होते, त्याला युनेस्कोने २००१ साली मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशाची मान्यता दिली. या रंगभूमीवर आजही एक दिवा, एखादा स्टूल आणि हातात धरलेला पडदा यांपलीकडे फारसे काही नसते. कपडा, मुकुट आणि चेहऱ्याचे रंग मात्र विलक्षण संपन्न असतात. नेपथ्य शब्दाचा जुना अर्थ ज्याला डोळ्यांनी पाहायचा असेल, त्याने हे पाहावे.

आता मराठी रंगभूमीकडे येऊ. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले. सूत्रधार, विदूषक, मंगलाचरण आणि मागे एक पडदा असा तो खेळ होता. तेथे जागेचा विचार केला तर जुन्याचाच धागा दिसतो : पात्रे मागून येतात, पुढे पाहणारे बसतात. पण १८५३ साली भावे यांच्या मंडळीने मुंबईत खेळ केले तेव्हा त्यांना ग्रँट रोडचे नाट्यगृह मिळाले. १८४६ साली उभे राहिलेले हे नाट्यगृह इंग्रजी वळणाचे होते. चौकटीचा रंगमंच, पुढे उघडणारा पडदा, मागे रंगवलेले देखावे आणि दोन्ही अंगांना विंगा. मराठी नाटकाने हीच इमारत आपली मानली. पुढे पुण्यामुंबईत आणि इतरत्र जी नाट्यगृहे झाली, ती याच धाटणीची.

या इमारतीत नेपथ्यगृह नव्हते. नटण्याची खोली होती. पण ती रंगमंचाच्या लगत, दोन दारांनी त्याला जोडलेली, इमारतीची एक चतुर्थांश जागा व्यापणारी खोली नव्हती. ती बाजूला, मागच्या बोळात, कधी वरच्या मजल्यावर गेली. मराठी नाटकवाल्यांनी तिला 'रंगपट' म्हटले. पात्र जेथून प्रवेश करते ती जागा मागून सरकून बाजूला आली आणि तिला 'विंग' हा इंग्रजी शब्द मिळाला. पडदा रंगमंचामागून रंगमंचापुढे आला. आणि आतून येणाऱ्या आवाजाचे काय झाले? अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले, तेथपासून पुढच्या मराठी नाटकांच्या छापील संहिता चाळल्या तर 'नेपथ्ये' ऐवजी 'पडद्यात' अशी सूचना सामान्यतः आढळते. पुढे गद्य, वास्तववादी नाटकांत 'आतून' आणि 'विंगेतून' आले. म्हणजे आवाजाची कामगिरीही या शब्दाकडून गेली.

येथे कालक्रमाची एक बाब विसरता येणार नाही. संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले तेव्हा भरताचे नाट्यशास्त्र समग्र असे छापलेलेच नव्हते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काव्यमाला मालिकेत ते १८९४ साली प्रसिद्ध केले. अभिनवगुप्ताच्या टीकेसह बडोद्याहून निघालेल्या आवृत्तीचा पहिला खंड तर १९२६ चा. मराठी नाटकमंडळ्यांनी नेपथ्य हा शब्द उचलला तो शास्त्रग्रंथातून नव्हे, तर नाटकांच्या रंगसूचनांतून. नाटकात तो शब्द 'नटांच्या मागचे काहीतरी' असा भासतो. चार प्रकार, दोन दारे, मित्रदेवता यांचा ताफा त्याच्याबरोबर आला नाही. शब्द सुटा आला आणि सुटा शब्द वळवायला सोपा असतो.

यानंतर जे घडले त्याची संगती आम्ही अशी लावतो. विसाव्या शतकात नाटकधंद्यात कामांची विभागणी वाढत गेली आणि प्रत्येक कामाला भारदस्त मराठी नाव हवेसे झाले. कपड्यांना 'वेशभूषा' मिळाले. चेहऱ्याच्या रंगाला 'रंगभूषा' मिळाले. नटण्याच्या खोलीला रंगपट, प्रवेशाच्या जागेला विंग, आतल्या आवाजाला 'पडद्यात' ही नावे आधीच मिळाली होती. नेपथ्याच्या जुन्या संसारातली एकेक खोली अशी दुसऱ्याच्या ताब्यात गेली. उरले ते पुस्त. आणि नेमके तेच या काळात वाढत चालले होते. संगीत नाटकांच्या वैभवकाळात रंगवलेल्या पडद्यांचे आकर्षण मोठे होते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे बंधू चित्रपटात येण्याआधी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत होते. मग १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'ने वास्तववादी दिवाणखाना उभा केला. रंगवलेला सपाट पडदा गेला आणि तीन भिंतींची खोली आली. 'सीनसीनरी' हा जुना शब्द अशा खोलीला तोकडा पडू लागला. 'देखावा' म्हणजे केवळ चित्र. रचनेला नाव हवे होते आणि एक संस्कृत शब्द रिकामा बसला होता.

हा प्रवास केवळ आपल्याकडचा आहे असे समजण्याचे कारण नाही. ग्रीक रंगभूमीवर 'स्केने' म्हणजे तंबू किंवा झोपडी. नट तेथे मुखवटे आणि कपडे बदलीत. ही झोपडी प्रेक्षकांच्या समोरच, खेळाच्या जागेमागे होती. इ. स. पू. ४५८ मधल्या एस्किलसच्या ओरेस्तेइया नाट्यत्रयीत तिचे दर्शनी अंग राजवाडा म्हणून वापरलेले दिसते. पुढे तिच्यावर चित्रे आली. अॅरिस्टॉटल या चित्रणाचे श्रेय सोफोक्लीसला देतो. लॅटिनमधून इंग्रजीत येईपर्यंत त्या झोपडीचा 'सीन' झाला होता आणि त्यावरून 'सीनरी' झाली. म्हणजे नाटकवाल्यांनी टाकलेला 'सीनसीनरी' हा शब्द आणि त्याच्या जागी आणलेला 'नेपथ्य' हा शब्द, दोघेही मुळात कपडे बदलण्याच्या खोलीचीच नावे. एक फरक मात्र आहे. ग्रीक शब्दाचा अर्थ बदलला तो इमारतीच्या विकासातून : तीच झोपडी सजत गेली आणि दिसू लागली. आपल्या शब्दाचा अर्थ बदलला तो इमारत तुटल्यामुळे. खोली नाहीशी झाली आणि नाव दुसऱ्या वस्तूला चिकटले.

ही इमारत बाकीच्या भारतीय भाषांनीही गमावली, मग त्यांचे काय? हिंदीत 'नेपथ्य में' म्हणजे आजही पडद्यामागे, दृष्टीआड. रंगमंचावरच्या रचनेला तेथे मंचसज्जा किंवा दृश्यबंध म्हणतात. गुजरातीत तिला संनिवेश म्हणतात. बंगालीत तर चित्रपटातील पार्श्वगायकाला 'नेपथ्य कंठशिल्पी' म्हणतात : न दिसणारा आवाज. कालिदासाच्या रंगसूचनेशी इमान राखणारा यापेक्षा नेटका वापर सापडणे कठीण. मराठी वाचक हिंदी वर्तमानपत्रात एखादा नेता 'नेपथ्यात गेला' असे वाचतो तेव्हा क्षणभर अडखळतो. बंगाली वाचक मराठी श्रेयनामावलीत नेपथ्यकाराचे नाव वाचून तितकाच अडखळत असेल.

मग मराठीचे चुकले काय? आम्ही असे म्हणणार नाही. शब्द ज्या समाजाने वापरला, त्याचा त्यावर हक्क असतो आणि पुस्त हा नेपथ्याचाच प्रकार असल्याने मराठी अर्थाला भरताचा आधार अगदीच नाही असेही नाही. शिवाय या नव्या अर्थाने मराठी रंगभूमीवर मोठे काम केले. द. ग. गोडसे यांच्यासारख्या कलावंताने रंगमंचरचना आणि वेशभूषा या दोन्हींचा एकत्र विचार केला, तेव्हा विभागलेले भाऊ पुन्हा एका घरात आले. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये तर माणसांच्या रांगेनेच भिंत केली, पडदा केला. रांग पाठ फिरवी तेव्हा मागचे दिसेनासे होई, बाजूला होई तेव्हा प्रसंग उघडा पडे. झाकणारे आणि दिसणारे एकच झाले. त्या रांगेत नेपथ्याचे जुने आणि नवे असे दोन्ही अर्थ उभे होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पण काही गमावलेही आहे आणि ते भाषेच्या शिक्षकाने सांगायला हवे. पहिली हानी नावाची. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत जी मुले रंगमंचावर येत नाहीत, वस्तू लावतात, कपडे सांभाळतात, वेळेवर दिवा आणि आवाज देतात, ती आपल्या कामाला 'बॅकस्टेज' म्हणतात. 'मी बॅकस्टेजला आहे' हे वाक्य प्रत्येक महाविद्यालयात ऐकू येते. त्यांच्या जागेला आणि कामाला दोन हजार वर्षांचा एक शब्द होता. तो आपण दुसऱ्याला देऊन बसलो आणि त्यांना इंग्रजीच्या दारात उभे केले.

दुसरी हानी वाचनाची आहे आणि ती अधिक खोल आहे. आजच्या विद्यार्थ्याला 'नेपथ्ये' या सूचनेचा अर्थ 'पडद्याआडून' असा सांगितला की तो लिहून घेतो आणि परीक्षेत बरोबर लिहितो. पण त्याच्या मनातले नाट्यगृह चौकटीचे असते. तेथे रंगमंच म्हणजे जे दिसते ते. बाहेरचा आवाज म्हणजे पूरक माहिती, कोणी पात्र उपलब्ध नसताना केलेली सोय. त्यामुळे दुर्वासाचा शाप वाचताना त्याला वाटते की कालिदासाने हा प्रसंग उरकून घेतला आहे. मग शाकुंतलाच्या नव्या रूपांतरांत, चित्रपटांत, स्नेहसंमेलनांतल्या प्रवेशांत दुर्वास जटा सोडून, कमंडलू उगारून, प्रकाशझोतात उभा केला जातो. प्रेक्षकाला तो दिसतो. आणि दिसला की तो एक रागीट म्हातारा होतो. त्याच्यावर चिडता येते, त्याला हसताही येते.

कालिदासाने त्याला त्या मागच्या खोलीत ठेवले ते नट कमी होते म्हणून नव्हे. रंगमंचावर शकुंतला आहे आणि तिला दुष्यंताशिवाय काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. प्रेक्षकाला दुर्वास दिसला असता, तर तो शकुंतलेहून शहाणा झाला असता. तिच्या बेसावधपणावर बोट ठेवून मोकळा झाला असता. तो दिसत नाही, म्हणून प्रेक्षकही जवळजवळ तिच्याच अवस्थेत राहतो : काहीतरी भयंकर घडून गेले आणि आपण केवळ ऐकत राहिलो. हे साधण्यासाठी रंगमंचामागे एक मोठी, बंद, लगतची खोली लागते आणि तिच्यातून काहीही येऊ शकते हे ठाऊक असलेला प्रेक्षक लागतो. शाकुंतल वर्गात शिकवताना चौथ्या अंकाआधी फळ्यावर भरताच्या मंडपाचा आराखडा काढावा : ६४ हातांचा लांबट चौकोन, त्याचे दोन भाग, मागच्याचे पुन्हा दोन आणि सर्वांत मागच्या भागाच्या रंगाकडच्या भिंतीत दोन दारे. मग शाप वाचावा. फार समजावून सांगावे लागत नाही.